मिस्त्रींनी बंद केलेला रणगाडा

संग्रहालयात रणगाडे बघायला येणारा माणूस सगळ्यात आधी काय करतो, सांगा बघू? ठोकून बघतो. चष्मेवाले, टोपीवाले, सहलीला आलेल्या बाया, त्यांची पोरं, सगळ्यांची एकच तऱ्हा. जवळ जायचं, बोटाची पेरं वळवायची आणि टक टक. जणू काही कलिंगडच घ्यायला आलेत! अहो, पोलाद आहे ते, त्यात कच्चं-पिकलं काय बघायचं? पण नाही. ठोकल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, अशी जणू कुणी शपथच घातलेली असते.

दुसरी खोड म्हणजे वर चढून झाकण ओढायचं. ‘चढू नये’ अशी पाटी डोळ्यांसमोर असते. पण पाटी ही नेहमी दुसऱ्यासाठी असते, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. झाकण हलत नाही. मग तो माणूस गाइडकडे वळून, फसवणूक झाल्यासारखा चेहरा करून विचारतो, “उघडत का नाही हो हे?”

गाइडला तिथे सगळे पोपट म्हणायचे. तोच पाठ दिवसभर तेवढ्याच उत्साहाने म्हणायची देणगी होती त्याला. तो हसून सांगायचा, “आमच्या मिस्त्रींनी बंद केलंय. आता ते काही उघडायचं नाही.”

ही गोष्ट त्या मिस्त्रींची.

त्या संग्रहालयात रणगाडा आला की त्याचं इंजिन काढून घ्यायचे, आतल्या तोफगोळ्यांच्या जागा रिकाम्या करायचे आणि सगळी झाकणं वेल्डिंग करून कायमची बंद करायचे. नाहीतर पोरं आत उतरून अडकतात, कबुतरं संसार थाटतात, पाणी साठून तळ सडतो. हे बंद करायचं काम मिस्त्रींचं. ठेंगणा, रुंद माणूस, भुवया ठिणग्यांनी जळून अर्ध्याच उरलेल्या. बोलणं मोजकं आणि तिरकं. संग्रहालयाच्या मुख्य अधिकारी बाई, म्हणजे मॅडम, कधी म्हणाल्या की कामाचा अहवाल द्या, तर हे सांगायचे, “बंद केलं.” झाला अहवाल.

कामाची त्यांची एक रीत होती. त्याआधी ते बॉयलरच्या कारखान्यात होते, तिथे उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. त्या कारखान्यात बॉयलरचं झाकण लावायच्या आधी हातोडीने तीन टोले मारायचे, फटीला तोंड लावून हाक द्यायची, “आत कोण आहे? बाहेर ये!” मग फटीला कान लावून थोडं थांबायचं, आणि मगच बंद करायचं. म्हणे पूर्वी कधीतरी आत सफाईला उतरलेला एक माणूस डुलकी लागून तसाच आत राहिला होता. खरं-खोटं देव जाणे. पण हाक न मारता झाकण लावणाऱ्याला त्या कारखान्यात कुणी पाणीसुद्धा विचारायचं नाही.

कारखाना बंद पडला, मिस्त्री संग्रहालयात आले, पण रीत काही सुटली नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मोडीत निघालेला रणगाडा, आत चिटपाखरू नाही, तरी हे टोले मारून हाक देणार म्हणजे देणारच. पहारेकरी टर उडवायचे. “काय मिस्त्री, शत्रूचा जनरल झोपलाय का आत?”

“असेल तर सोबतीला तुलाच पाठवतो. तू तरी बाहेर काय जागा असतोस?” मिस्त्री म्हणायचे, आणि वेल्डिंगचे टाके मारायला लागायचे.

मिस्त्रींना एकच मुलगा, तोही उशिरा झालेला. नाव काहीही असो, सगळे त्याला खटपट्या म्हणायचे. घड्याळ बिघडलं की तो खूश, आणि चालू असलं तर आधी बिघडवणार. मिस्त्रींची बायको, जिला संग्रहालयातले सगळे काकू म्हणायचे, तिला वाटायचं की पोराने सावलीतली नोकरी करावी. खुर्ची असावी, डोक्यावर पंखा असावा, हात कोपरापर्यंत स्वच्छ असावेत. पण सुट्टीचा दिवस आला की खटपट्या बापाचं बोट धरून संग्रहालयात. बंद व्हायच्या रणगाड्यात उतरून लपायचा. मिस्त्री टोले मारून हाक द्यायचे, “आत कोण आहे?” आणि आतून खिदळत उत्तर यायचं, “मी आहे, बाबा!” मग ते खोटंखोटं रागावून त्याला बखोटीला धरून वर काढायचे. हा खेळ पोरगा मिसरूड फुटेपर्यंत चालला, आणि सांगायला हरकत नाही, पोरापेक्षा बापालाच तो जास्त प्यारा होता.

शिकवण्यासारखं मिस्त्रींकडे होतं ते सगळं त्यांनी पोराला शिकवलं. त्यातली एक गोष्ट तर घरात सगळ्यांच्या तोंडी बसलेली. “झाकण अडलं, तर तोंडाशी झटू नये. बिजागरीशी ठोकावं. रुसवा तिथे असतो.” गंजलेली ट्रंक असो, कपाटाचं दार असो, अडलं की तिघांपैकी कुणीतरी हातोडी आणायचं, बिजागरीशी दोन टोले द्यायचं, आणि ते निमूट उघडायचं. काकू चिडायच्या त्या नवऱ्यावर. या नियमावर कधी चिडल्या नाहीत. तो त्याही वापरायच्या.

पोरगा मोठा झाला आणि सैन्यात गेला. गेला तो गेला, रणगाड्याचा चालक झाला! काकूंनी कपाळाला हात लावला. मिस्त्री वरवर म्हणाले, “त्याची मर्जी,” पण त्या आठवड्यात त्यांनी पहारेकऱ्यांना न मागता चहा पाजला. पोरगा रजेवर आला की सांगायचा, “बाबा, माझी जागा सगळ्यात पुढे, सगळ्यात खाली. डोक्यावर झाकण माझं एकट्याचं. बाकीचे वर तोफेच्या घुमटात, मी खाली राजा.”

मग सीमेवर लढाई झाली. फार मोठी नव्हती म्हणे. मोठी नव्हती म्हणणाऱ्यांच्या घरचं कुणी गेलं नसावं.

एक अधिकारी घरी आला. टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. रणगाड्याच्या घुमटाला गोळा लागला, वरचे दोघे आणि खाली चालक, तिघेही जागच्या जागी गेले, असं त्याने सांगितलं. काकूंनी एकच विचारलं, “तडफडला का हो तो?” अधिकारी म्हणाला, “नाही. त्याला काही कळलंसुद्धा नाही. क्षणात झालं सगळं.” मागून पेटी आली, तीही बंद. उघडू नका असं सांगितलेलं.

त्यानंतरची वर्षं कशी गेली, ते विचारू नका. काकू रडायच्या थांबल्या आणि बोलायला लागल्या. “तुम्ही त्याला लोखंडाची गोडी लावलीत. नाहीतर माझं पोरगं आज कुठेतरी खुर्चीत बसलेलं असतं, पोट सुटलेलं, केस उडालेलं. पण असतं.” हे जेवताना, हे दार लावताना, हे शेजारीण बसलेली असतानासुद्धा. मिस्त्रींनी उलट उत्तर दिलं नाही. पण मनात मात्र ते भांडायचे. मी काय केलं? बापाने पोराला काम शिकवलं, हा गुन्हा झाला? सैन्यात मी पाठवलं? गोळा मी मारला? मनातल्या मनात ते रोज निर्दोष सुटायचे, आणि तेवढ्या आधारावर दुसऱ्या दिवशी उठून कामाला जायचे. माणसाला जगायला काहीतरी लागतं हो.

संग्रहालयात काकूंनी तेव्हापासून पाऊल टाकलं नव्हतं. “त्या लोखंडाच्या स्मशानात मी यायची नाही,” म्हणायच्या.

आणि एक दिवस लांबलचक ट्रेलरवरून तोच रणगाडा आला.

बाजूला रंगवलेला आकडा मिस्त्रींनी लांबूनच ओळखला. पोराने तो रजेवर आला असताना इतक्यांदा सांगितला होता की घरात पाठ झाला होता. सैन्याच्या डेपोत तो इतकी वर्षं पडून होता, आता लढाईची आठवण म्हणून संग्रहालयाला दिलेला. घुमटाला एका बाजूने भोक, कडा आत वळलेल्या. पुढचं चालकाचं झाकण लढाईनंतर पोराला काढताना बाहेरून जॅक लावून ताणून उघडलेलं, ते तिरकं लोंबत होतं.

मॅडम भल्या बाई. त्यांनी मिस्त्रींना आत बोलावून दार लावून घेतलं. “मिस्त्री, हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का?”

“दुसऱ्याचा टाका मला पटत नाही, मॅडम,” मिस्त्री म्हणाले.

घरी मिस्त्रींनी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “बंद करायच्या आधी मला एकदा आत बसायचंय. त्याच्या जागेवर.”

“तिथे काय आहे आता? जळकं लोखंड.”

“असू दे. मला बसायचंय. बसले की मला कळेल.”

काय कळेल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. मॅडमनी परवानगी दिली. उद्या सकाळी, लोक यायच्या आधी, काकूंनी यायचं. त्यांचं झालं की मिस्त्री झाकण बंद करतील. इतक्या वर्षांत काकूंनी नवऱ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मिस्त्री त्या दुपारी जरा हलक्या मनानेच कामाला लागले. आत धारदार काही राहू नये, बायकोचे कपडे अडकू नयेत, हाताला काजळी लागू नये, म्हणून ते झाडू, फडकी, जुनं पोतं आणि दिवा घेऊन चालकाच्या जागेत उतरले.

जळक्या तेलाचा वास अजून होता. सीटचा नुसता सांगाडा उरलेला, त्यावर त्यांनी पोतं दुमडून ठेवलं. स्वतः बसून बघितलं. गुडघे पोटाशी घ्यावे लागत होते. पोरगा तर त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. कसा मावत होता कोण जाणे. मागे वळून बघितलं. घुमट गोळ्याच्या धक्क्याने अर्धवट फिरून अडकला होता, त्यामुळे चालकाच्या जागेतून मागे सरकायची वाट पोलादाने बुजलेली. म्हणजे बाहेर पडायला एकच रस्ता, डोक्यावरचा. मिस्त्रींनी दिवा वर केला आणि तिरकं लोंबणाऱ्या झाकणाची आतली बाजू बघितली.

पोलादावर टोल्यांच्या खुणा होत्या.

बाहेरच्या बाजूने नव्हे, आतून. जड पान्याने मारलेल्या. एक-दोन नाहीत, एकावर एक, एकमेकींना खात गेलेल्या. खालच्या खोल, नेटाने मारलेल्या. त्यांच्यावरच्या उथळ. आणि सगळ्यांत वर नुसते ओरखडे, हातात जीव नसताना पाना नुसता घासला जावा तसे.

क्षणात! म्हणे क्षणात!

मिस्त्रींनी दिवा आणखी जवळ नेला, आणि जे आणखी बघायला नको होतं तेही त्यांनी बघितलं. सगळे टोले झाकणाच्या एकाच बाजूला होते. जिथून ते फिरतं, त्या बाजूला.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. ट्रंकेचं झाकण बिजागरीवर उघडतं. या जातीच्या रणगाड्यात चालकाचं झाकण तसं नसतं. ते आधी जरासं वर उचललं जातं आणि मग एका जाड खिळीभोवती आडवं फिरतं. ती खीळ सरळ आहे तोवर सगळं ठीक. तिच्याशी ठोकलं की ती कलते, आणि मग झाकण असं काही आवळून बसतं की जॅकशिवाय सुटत नाही. मिस्त्रींनी अशी झाकणं कितीतरी हाताळली होती, त्यांना हे अंधारातही कळलं असतं. त्यांनी खिळीवरून बोट फिरवलं. कललेली होती. झाकणाच्या तोंडाशी दिवा नेला. तिथे फक्त कडेचा रंग उष्णतेने वितळून चिकटला होता. बाकी काही नाही. तिथे दोन टोले बसते, तर ते सुटलं असतं.

सैन्यात पोराला बरोबर शिकवलं असणारच. पण धूर भरलाय, वरचे दोघे बोलत नाहीत, मागची वाट बंद, अशा वेळी माणसाला शिकवणी आठवत नाही. बाप आठवतो. तोंडाशी झटू नये, बिजागरीशी ठोकावं, रुसवा तिथे असतो. पोराने बापाचं ऐकलं. अंगात जीव होता तोवर ऐकत राहिला.

मिस्त्री त्या पोत्यावर बसून राहिले. इतकी वर्षं मनातल्या मनात ज्या खटल्यातून ते रोज सुटत होते, त्याचा निकाल वर लिहून ठेवलेला होता, पोराच्याच हाताने. आणि उद्या सकाळी काकू इथे बसणार होत्या. बसल्यावर माणूस वर बघतोच. त्यांना या जातीच्या खिळी कळल्या नसत्या, पण आतून मारलेले टोले कुणालाही कळतात. आणि ते टोले कुठे मारलेत आणि का तिथेच मारलेत, हे तर जगात मिस्त्रींच्या खालोखाल त्यांनाच कळलं असतं. घरातली ट्रंक त्यांनीही तशीच उघडली होती.

खुणा घासून टाकायच्या, हे पहिल्यांदा मनात आलं. त्यांनी ग्राइंडर आत घेतला. चालूही केला. पण चाक पोलादाला टेकवता येईना. त्या घरात पोराचे कपडे होते, फोटो होते, पण त्याने शेवटचं जे काम केलं ते हेच होतं. चुकीचं का असेना, मान मोडून केलेलं काम होतं. ते बापाने पुसायचं? ग्राइंडर त्यांनी बंद केला.

मग एकच उपाय उरला. उद्या सकाळपर्यंत थांबायचं नाही.

त्यांनी बाहेर येऊन झाकण साखळीने ओढून जागेवर बसवलं. वेल्डिंगची वायर लावली. आणि हात आपोआप हातोडीकडे गेला. किती वर्षांची सवय ती, ती थोडीच विचारून येते? एक टोला बसला. दुसरा बसला. तिसरा बसला. मिस्त्री फटीशी वाकले, तोंड उघडलं, आणि हाक बाहेर येईना. आत कोण आहे, हे कुठल्या तोंडाने विचारायचं? पलीकडून जाणारा पहारेकरी नेहमीसारखा काहीतरी टोमणा मारायला थांबला होता. त्याने मिस्त्रींचा चेहरा बघितला आणि निघून गेला. मिस्त्रींनी फटीला कान लावला. लावून ठेवला. फार वेळ लावून ठेवला. मग काळी काच डोळ्यांवर ओढून पहिला टाका मारला. आयुष्यात हाक न देता लावलेलं ते पहिलं झाकण.

“मॅडम, बंद केलं,” ते संध्याकाळी ऑफिसच्या दारात उभे राहून म्हणाले.

“अहो, पण काकू उद्या...”

“तिला मी सांगतो.”

पण सांगतो म्हणणं सोपं असतं. घरी गेले तर काकू उद्याचे कपडे घड्या घालून बाजूला ठेवत होत्या. “अंबाडा घट्ट घालते, कुठे अडकायला नको,” म्हणाल्या. मिस्त्री बूट काढून पाटावर बसले, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

सकाळी काकू आल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. पोपट अदबीने पुढे झाला, त्याने आपला पाठ निम्म्या आवाजात म्हणून दाखवला. हा सगळ्यात जुना, रिव्हेट ठोकून जोडलेला, पाण्याच्या टाकीला तोफ लावल्यासारखा दिसणारा. ही चिलखती गाडी पाण्यावर तरंगायची. हा शत्रूचा, लढाईत हाती लागलेला. काकू एकेकापाशी थांबत होत्या, जणू मुद्दाम उशीर करत होत्या. शत्रूच्या रणगाड्यापाशी त्या म्हणाल्या, “यातही कुणाचं तरी पोरगंच असेल.” पोपटाने आपला पाठ तिथेच आवरला. तो मागे राहिला.

मग ती दोघंच पोराच्या रणगाड्यापाशी गेली. सगळीकडे काजळी आणि गंज, आणि झाकणाच्या कडेने वेल्डिंगची नवी, चकचकीत रेघ. काकूंनी ती बघितली. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“कधी?”

“काल.”

“का?” काकूंनी त्या रेघेकडे बोट केलं. “मी एवढंच मागितलं होतं. तुमच्याकडे जन्मात काही मागितलं नव्हतं मी. एवढंच. आणि तेवढंही तुमच्याच्याने झालं नाही? काय केलंत हो हे! कुठे फेडाल?”

मिस्त्री खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात वाकडा टाका खपवून घेतला नाही, तो बायकोच्या डोळ्यांत बघून खोटं बोलला. “आत बघण्यासारखं काही नव्हतं गं. मी उतरलो होतो. दिवा लावून सगळं बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. झाकणाला त्याने हातसुद्धा लावलेला नाही. साहेब म्हणाले ते खरं होतं. क्षणात गेला तो. त्याला काही कळलं नाही.”

“तुम्ही स्वतः बघितलंत?”

“स्वतः.”

“झाकणाला हात लावलेला नाही?”

“नाही.”

काकूंनी रणगाड्याला पाठ टेकली आणि तिथेच खाली बसल्या. “तो साहेब सांगत होता तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता,” त्या म्हणाल्या. “टोपीकडे बघत होता. मला तेव्हाच वाटलं, हा खोटं बोलतोय. इतकी वर्षं मी डोळे मिटले की तो मला हाका मारायचा. आतून. मला काढा म्हणून. तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही आधीच मेल्यासारखे. म्हणून मला आत बसायचं होतं. तो साहेब खोटं बोलेल, पण लोखंड खोटं बोलायचं नाही, आणि तुम्ही तर नाहीच नाही. तुम्हाला खोटं बोलायला येतं कुठे?”

मग त्या रडल्या. वर्षानुवर्षं तुंबलेलं सगळं रडून घेतलं. आणि डोळे पुसून त्यांनी मिस्त्रींचा हात ओढून आपल्या हातात घेतला, ठिणग्यांच्या डागांनी भरलेला. “या हातांना मी फार बोलले हो. लोखंडाची गोडी लावलीत म्हणाले, पोराला खाल्लंत म्हणाले. चुकलं माझं. तुमचा काही दोष नव्हता. आता नाही बोलणार.”

मिस्त्रींना त्या क्षणी काय वाटलं असेल? ओरडून सांगावंसं वाटलं, अगं बोल! आता तर बोल! इतके दिवस उगीच बोललीस, आता कुठे खरं बोलशील, आणि आताच थांबतेस? पण ते म्हणाले, “ऊठ. खाली गार आहे.”

काकूंनी शब्द पाळला. त्या दिवसापासून त्या नीट झोपायला लागल्या. अंगावर जरा मांस चढलं. शेजारणीला अभिमानाने सांगायच्या, “आमच्या ह्यांनी स्वतः बघितलंय.” घरात टाकून बोलणं म्हणून उरलं नाही. आणि देवाशप्पथ सांगतो, मिस्त्रींना तेच सोसेना. रोजची ती बोलणी खाऊन ते जगत होते, आता खऱ्याची भूक लागली आणि ताट रिकामं. ते मुद्दाम सांगितलेलं विसरायचे, चिखलाच्या बुटांनी आत यायचे, दूध उतू जाऊ द्यायचे. काकू नुसतं पुसून घ्यायच्या.

एकदा सकाळी त्यांनी फळीवरचा पोराचा कप घेतला. लहानपणापासून तो त्यातच दूध प्यायचा. तो गेल्यापासून काकूंनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता, धूळसुद्धा स्वतः पुसायच्या. मिस्त्रींनी तो हातात धरला, काकू बघताहेत हे नीट बघून घेतलं आणि सोडून दिला. कपाच्या ठिकऱ्या झाल्या. मिस्त्री मान खाली घालून उभे राहिले, आता तरी वीज कोसळेल म्हणून.

काकू आल्या. खाली बसून एकेक तुकडा ओच्यात गोळा केला. मग वर बघून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “असू द्या हो. तुम्ही काय मुद्दाम केलंत?”